मापं बदलणारी गिऱ्हाइकं

माप घेताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. नजर टेपवर ठेवायची आणि तोंडाने भलत्याच विषयावर बोलत राहायचं, हे मला बारामतीत माझ्या मास्तरांनी शिकवलं. अंगावर टेप फिरायला लागली की माणूस श्वास धरतो, पोट आत घेतो, खांदे वर करतो. मग जे माप मिळतं ते त्याचं नसतंच, आणि आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन भांडायला येतं. म्हणून मी आधी भाजीचा भाव विचारते, मग सासूची तब्येत विचारते. बाई सासूवर घसरली की श्वास आपोआप सुटतो, तेवढ्यात मी छातीचं माप घेऊन मोकळी होते. पस्तीस वर्षं मी भवानीनगरला लेडीज टेलर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक हातशिलाई सोडली, पण कापायची कात्री अजून कुणाच्या हातात दिलेली नाही.

मी ट्रान्स बाई आहे, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी अडखळायला नको. शिवण शिकले तेव्हा मी शर्ट-पँट घालत होते आणि माझं नाव दुसरं होतं. दुकान टाकल्यावर आठ-नऊ वर्षांनी एका सोमवारी मी साडी नेसून शटर वर केलं. महिनाभर तयारी केली होती, पण ती साडी नेसायची. लोकांच्या नजरेची तयारी कशी करणार? पहिल्या दिवशी एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सणसरच्या एक म्हाताऱ्या काकू आल्या, कारण त्यांच्या नातसुनेचे तीन ब्लाउज माझ्याकडे अडकले होते. स्टुलावर बसून दहा मिनिटं त्या मला नुसत्या न्याहाळत राहिल्या. मी मान खाली घालून हुक लावत होते, आणि एक हुक दोनदा उसवावा लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "पदर लई मोठा सोडलायस. मशीनच्या चाकात जाईल. खोचून घे."

मी पदर खोचला. त्यांनी ब्लाउज पिशवीत टाकले आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात सणसरहून आणखी चार बायका आल्या, त्या कुणी पाठवल्या हे मला विचारावं लागलं नाही. काही जणींनी मात्र दुसरा टेलर धरला. वर्षभरात त्यांतल्याही बऱ्याच परत आल्या, कारण माझ्यासारखी बाही या भागात कुणी बसवत नाही. मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलाईत, एक सुरकुती सापडली तर मी शिलाई परत देते. बढाई मारतेय असं वाटेल. मारतेच आहे.

बायकांची मापं बदलतात ती लग्नानंतर, बाळंतपणानंतर, फार तर पंचक्रोशीतल्या कुठल्या तरी महाराजांचे उपास केल्यावर. दोन-तीन वर्षांत एकदा वहीचं पान बदललं की काम भागतं. पण माझ्याकडे हळूहळू अशी गिऱ्हाइकं यायला लागली, ज्यांची मापं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. त्यांतली पहिली रेश्मा. इंदापूरला तिचं ब्यूटी पार्लर आहे, आणि मुलगा म्हणून जन्मलेल्या रेश्माने तिशीत पुण्याच्या डॉक्टरांकडे तपासण्या करून औषधं सुरू केली. माझ्या वेळी असं काही नव्हतं. कुणाला विचारावं हेच माहीत नव्हतं, तर डॉक्टर कुठला? त्यामुळे रेश्माचं सगळं मला नवीन होतं आणि मी तिच्या अंगाचा अभ्यास टेप घेऊन करत होते.

औषधं सुरू झाल्यावर ही बया दर मंगळवारी माप द्यायला यायची. मी सांगून दमले, बाई गं, आठवड्यात काही होत नाही, पीठ आहे का फुगायला. पण तिला धीर नव्हता. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी टेप खरंच अर्धा इंच पुढे गेली. मी दोनदा मोजलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. रेश्मा तशीच बाहेर पळाली आणि अर्धा किलो पेढे घेऊन आली. दुकानात तेव्हा साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कशाचे गं? रेश्माने सांगितलं, भाचा पास झाला. त्या बायकांनी भाच्याचे मार्क विचारले. मी म्हटलं, काठावर पास झालाय, पण झालाय. त्या दिवसापासून आमच्यात प्रगतीची चौकशी करायची ती भाच्याच्या नावाने करतात.

अशा गिऱ्हाइकांसाठी मी शिवायची पद्धतच बदलली. शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड ठेवायचं, टक्स कच्चे घालायचे आणि तीन महिन्यांनी उसवून नव्याने बसवायचे. नवा ब्लाउज शिवायला लावणं धंद्याला बरं पडलं असतं, पण ज्याचं अंगच दर महिन्याला नवं होतंय त्याला कपड्याचा खर्च कुठे लावायचा. वहीतही एक नियम केला. गिऱ्हाईक जे नाव सांगेल ते लिहायचं, जुनं काय होतं ते विचारायचं नाही. कितीतरी जणांचं नवीन नाव आधारकार्डावर यायच्या आधी, घरच्यांच्या तोंडी यायच्या आधी, माझ्या मापाच्या वहीत आलं. एकदा तर एक पोरगी नाव सांगताना अडली, म्हणाली, अजून ठरवलं नाही. मी पानावर जागा सोडली. दुसऱ्या फेरीला ती नाव घेऊनच आली.

दुपारी दोन ते चार बायका जेवून आडव्या होतात, तेव्हा दुकानाला काम नसतं. त्या वेळात आमची माणसं मागच्या खोलीत जमायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. ट्रायल द्यायला एक आला, तो बसून राहिला, दुसऱ्याला घेऊन आला. सतरंजी, मोठा आरसा आणि चहाचं पातेलं, एवढंच तिथे होतं. कुणी कंपनीत, कुणी दुधाच्या संकलनावर, एकजण कॉलेजात. गप्पा काय, तर पुण्याला दवाखान्यात पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर कोण जाणार, एसटीत कुठल्या सीटवर बसायचं, आधारकार्डावरच्या फोटोकडे बघून साहेब हसला तर काय उत्तर द्यायचं. पहिल्या तपासणीला कुणी एकटं जायचं नाही, हे तिथेच ठरलं. औषधाच्या दुकानातून मनाने गोळ्या आणून खायच्या नाहीत, हेही ठरलं, आणि ते मोडणाऱ्याला रेश्मा जे बोलायची ते इथे छापता येणार नाही.

या खोलीत विक्रम आला. त्याची जन्माची नोंद मुलगी म्हणून झालेली, पण तो तसा कधीच नव्हता. पिंपळीचं घर, वडील कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, सगळे त्यांना आबा म्हणतात. उसाच्या गाडीचं वजन किलोभर चुकलं तरी आबा रात्रभर झोपायचे नाहीत, असं कारखान्यातली माणसं सांगतात. विक्रमने घरी सगळं सांगितलं तेव्हा आबांनी आरडाओरडा केला नाही. ते बोलायचेच बंद झाले. विक्रम बारामतीत खोली करून राहिला, दूध तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरली, आणि दोन वर्षं बापलेकात एक शब्द गेला नव्हता.

तो पहिल्यांदा आला तो छातीला क्रेपचं बँडेज आवळून. पाठ दिसू नये, छाती दिसू नये, म्हणून खांदे पुढे पाडून चालायचा. त्याला हवी होती छाती सपाट ठेवणारी बंडी. मी ती कधी शिवली नव्हती. इतकी वर्षं मी छाती उठून दिसावी म्हणून कापड कापलं, आता उलटं गणित करायचं होतं. मी दोन पदरी सुती कापड घेतलं, बगलेत लवचीक पट्टी लावली. विक्रम म्हणाला, ताई, अजून आवळ. मी आवळली. तो म्हणाला, अजून. गिऱ्हाइकाचं मन मोडू नये या जुन्या सवयीने मी अजून एक इंच घेतला. दोन दिवसांनी तो बारामती स्टँडवर चक्कर येऊन पडला. त्याला पाणी पाजून, बंडी उसवून कुणा अनोळखी बाईने सावलीत बसवलं.

ही माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक. पुढच्या फेरीला मी स्वतः त्याच्याबरोबर पुण्याला गेले आणि डॉक्टरांना विचारून आले. आता माझ्या बंडीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, हा नियम आहे. आठ तासांच्या वर घालायची नाही, झोपताना घालायची नाही. कुणी अजून आवळ म्हणालं की मी टेप गुंडाळून ठेवते आणि चहा टाकते. चहा संपेपर्यंत बहुतेकांना पटतं.

विक्रमची इंजेक्शनं सुरू झाल्यावर खोलीत मजा सुरू झाली. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा आवाज फुटत होता. त्याच खोलीत रेश्मा आपला आवाज मऊ करायचा सराव करायची. दोघं समोरासमोर बसून एकच वाक्य म्हणायचे, "एक किलो कांदे द्या." ती वर जायची, हा खाली. मला मशीनवर हसू आवरायचं नाही. हनुवटीवर चार केस आल्यावर रेश्मानेच त्याला दाढी शिकवली. वस्तरा कसा धरायचा, गालाची कातडी कशी ताणायची. म्हणाली, "हे ग्यान जलमात कधी कामाला येईल वाटलं न्हवतं." बदल्यात विक्रमने तिला तीन पेडांची वेणी शिकवली, जी घालून घालून त्याचं बालपण गेलं होतं. दोघांनाही आपली जुनी विद्या देऊन टाकायची घाई होती.

आईला तो दर रविवारी फोन करायचा, आबा मळ्यात गेल्यावर. आवाज बदलल्यावर पहिल्याच रविवारी आईने राँग नंबर म्हणून फोन ठेवला. तीनदा. खोलीत ही गोष्ट सांगताना तो आधी खूप हसला आणि मग हसता हसता रडायला लागला. रेश्मा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चौथ्या वेळी धाकट्या बहिणीने, प्रज्ञाने, फोन उचलला होता आणि दादा म्हणून हाक मारली होती, हेही त्याने सांगितलं. पण ते सगळ्यात शेवटी.

त्याच प्रज्ञाचं लग्न ठरलं. तिने घरी साफ सांगितलं की दादा नसेल तर मी उभी राहणार नाही. आबांनी दोन दिवस घेतले आणि प्रज्ञामार्फत निरोप पाठवला, येऊ दे, पण मागच्या रांगेत बसायचं. आता बौद्ध पद्धतीच्या लग्नात फार सोपस्कार नसतात. पांढरे कपडे, मूर्तीपुढे मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार, झालं. पण प्रज्ञाला कानपिळी हवी होती. नवरीचा भाऊ सगळ्यांदेखत नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून, आणि नवरदेव ओरडतो. आबांचं म्हणणं, असलं आपल्यात नसतं. प्रज्ञाचं म्हणणं, मला पाहिजे. मग आबांनी मान्य केलं, पण कान पिळायला आपल्या बहिणीच्या मुलाला उभं करायचं ठरवलं. म्हणजे सख्खा भाऊ मागच्या रांगेतून बघणार आणि आत्याचा मुलगा भाऊ म्हणून पुढे जाणार.

विक्रम पांढऱ्या शर्टाचं कापड घेऊन आला तेव्हा हे सगळं सांगून म्हणाला, "मागं तर मागं. पन कुनी वळून बघितलं तर नीट दिसाय पायजे." मी त्याला जेंट्स टेलरकडे जा म्हटलं. त्याने कापड माझ्याकडेच सरकवलं. अनोळखी माणसाने छातीला टेप लावायची, हे त्याला सोसणारं नव्हतं, आणि तयार शर्ट त्याच्या कमरेवर नेहमी अडायचा. मी कापड घेतलं. गड्यांचा शर्ट मी शिकाऊ असताना शिवला होता, त्यानंतर नाही.

मापं तीन महिने आधी घेतली आणि तिथेच फसले. लग्नाच्या चार दिवस आधी ट्रायलला शर्ट खांद्यावर चढेना. औषधाने खांदे भरून पाऊण इंच रुंदावले होते. विक्रम आरशात स्वतःच्या खांद्यांकडे असा बघत होता की मला ओरडताही येईना. मी पुढची बाजू टाचण्यांनी बंद करून खांदे पुन्हा आखले, दोन्ही बाह्या उसवल्या. मध्ये दोन दिवस वीज नव्हती. लग्नादिवशी सकाळी सहाला मी मशीनवर बसले, रेश्मा इंदापूरहून उजाडताच स्कूटीवरून आली आणि काजं-बटणं तिने करून दिली. दहाला शर्ट इस्त्री होऊन पिशवीत पडला. खांदा असा बसला होता की माझे मास्तर असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. आम्ही दोघी रेश्माच्या स्कूटीवरून पिंपळीला निघालो.

कार्यालयाच्या दारात एका पाहुण्याने आम्हाला बघितलं आणि घाईघाईने पन्नासची नोट पुढे केली. लग्नात आमच्यासारख्या आल्या म्हणजे ओवाळणी मागायलाच आल्या, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी पिशवी वर करून म्हटलं, "भाऊ, मी टेलर हाय. तुमचं बी काय उसवलं असंल तर सांगा." तो बिचारा पँटकडे बघायला लागला. रेश्मा पुढे दोन तास हसत होती.

विक्रमच्या आईने आम्हाला स्टेजमागच्या खोलीत नेलं. तिथे जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या होत्या आणि विक्रम बंडीवर टॉवेल पांघरून वाट बघत होता. शर्ट चढवला, खांदे आरशात बघितले, हसला. मग बटणं लावायला खाली बघितलं आणि त्याचे हात थांबले. मी बघितलं. रेश्माने बघितलं. गड्यांच्या शर्टाला बटणं उजव्या पट्टीवर असतात आणि डावी पट्टी वर येते. बायकांच्या कपड्याला याच्या उलट. माझ्या हातांनी पस्तीस वर्षांच्या सवयीने उजवी पट्टी वर घेतली होती आणि रेश्माने निमूट तिच्यावर काजं केली होती. दुसरा कुठलाही टेलर ही चूक करणार नाही. आम्ही दोघींनी गड्यांचा शर्ट अंगावरून उतरवून जमाना झाला होता, आणि तो विसरण्यासाठीच तर एवढा आटापिटा केला होता. तो आम्ही चांगला विसरलोही होतो.

तेवढ्यात हारांची टोपली न्यायला आत्या आत आली. तिचा शिवणक्लास झालेला, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती टोपली उचलता उचलता थांबली.

"शर्ट बायकी हाय ह्यो," ती म्हणाली. "बटनं बघा कुठल्या अंगाला हाईत."

विक्रमचा चेहरा उतरला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बंडीच्या वेळी मी त्याला स्टँडवर पाडलं होतं, आता त्याच्या माणसांत पाडत होते. आणि त्याच वेळी आबा दारात आले, चला, वेळ झाली, असं सांगायला. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट, हातात घड्याळ. आत्याने त्यांना बटणं दाखवली आणि म्हणाली, म्हणूनच म्हणत होते, मागे कोपऱ्यात बसू दे, लोक नावं ठेवतील.

आबांनी शर्टाकडे बघितलं. मग वर, विक्रमच्या तोंडाकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा बघत असावेत, कारण बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, "टेलरबाई, दुरुस्त व्हईल का?"

"आज न्हाय व्हायचं, आबा," मी म्हटलं. काज एकदा कापलं की कापलं. "चूक माजी हाय. पोराची न्हाय."

आबांनी बहिणीला हार घेऊन पुढे व्हायला सांगितलं. ती गेल्यावर दार लोटलं, घड्याळ विक्रमच्या आईच्या हातात दिलं आणि स्वतःच्या शर्टाची बटणं सोडायला लागले. वरून खाली, एकेक, सावकाश. शर्ट काढून विक्रमपुढे धरला.

"माजा घाल."

"मग तुमी?" विक्रमचा आवाज पार खाली गेला होता.

"मला ह्यो दे. मला कोन बघतंय?" आबा म्हणाले. "आन् म्होरं बस. मागच्या रांगंतनं कानापतूर हात पुरायचा न्हाय."

विक्रमची आई खुर्चीवर बसली ती बसलीच. विक्रमने शर्ट काढला तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, उघड्या अंगाने, हात मागे बांधून. मी जीव टाकून बसवलेले ते खांदे आबांच्या ढगळ शर्टात पार बुडून गेले. रेश्माने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं, कारण मला त्या वेळी जगात त्याहून देखणा शर्ट दिसत नव्हता.

मग आबांनी माझा शर्ट चढवला. पोटावर थोडा ओढत होता, पण बसला. पंचाईत बटणांची झाली. साठ वर्षं उजव्या हाताने जे केलं ते आता डाव्याने करायचं होतं. पहिलं बटण त्यांनी तीनदा धरलं आणि तीनदा निसटलं. बाहेर माइकवर वधूच्या वडिलांना हाका सुरू झाल्या. आबांची बोटं अजूनच घाबरली.

विक्रम पुढे झाला. "थांबा, आबा." त्याच्या हातांना ती बाजू पाठ होती, शाळेच्या शर्टापासून कॉलेजच्या कुर्त्यांपर्यंत वीस वर्षं त्याने त्याच बाजूची बटणं लावली होती. गळ्यापासून खालपर्यंत त्याने बापाची सगळी बटणं लावून दिली. आबा मान वर करून, लहान पोरासारखे उभे होते. मी आणि रेश्मा खुर्च्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभ्या राहिलो, कारण दोघींचंही काजळ ओघळलं होतं.

विक्रमने कान चांगला पिळला. आत्याचा मुलगा सवयीने उठायला लागला होता, आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. नवरदेव खरोखर ओरडला, नाटक नव्हतं. प्रज्ञा हसत होती आणि रडतही होती. आत्या आमच्या ओळीत जेवायला बसली. जिलबी वाढून झाल्यावर मला म्हणाली, खांदा मात्र चांगला बसवलाय, कुणाकडं शिकलात? मी मास्तरांचं नाव सांगितलं.

महिन्याभराने आबा भवानीनगरला दुकानात आले. मला वाटलं, शर्ट बदलून मागायला आले असतील. मी तयारच होते, म्हटलं, आबा, तुमच्या मापाचा नवीन शिवून देते, शिलाई घेणार नाही, तो द्या उसवायला. आबा नको म्हणाले. ते जावयासाठी कापड कुठलं घ्यावं एवढंच विचारायला आले होते. जाताना दारात थांबले.

"त्यो शर्ट मी रईवारीच घालतो," ते म्हणाले. "विक्रम घरी येतो रईवारी. त्यो बटनं लावून देतो."

मी मान डोलावली. तीस वर्षं वजनकाटा सांभाळलेल्या माणसाला सहा बटणं लावायला शिकायला किती दिवस लागतात, हे मी काही विचारलं नाही.